ताईचे चाळीस गेम एका केबीत

काय सांगू राव, असला गाढवपणा केलाय मी, की परंड्यात लोकं अजून मला बघून हसतात. आणि धंदा काय माझा? सेतू केंद्र चालवतो. म्हणजे कॉम्प्युटरमधला गावचा शहाणा मीच!

माझ्या थोरल्या ताईकडं लग्नाआधी व्हिडिओ गेमच्या चाळीस डिस्का होत्या. गाड्यांच्या शर्यतीत तर तिला कुणी हरवूच शकत नव्हतं. सासरी उमरग्याला जाताना खोकं माझ्या ताब्यात देऊन गेली.

हुरड्याच्या दिवसांत तिचा फोन आला.

"आमी दोघं येतोय. मी शर्यत खेळायची ते ह्यांना पटतच न्हाय, थापा मारती म्हणतात. हरवून दावते ह्यांना! गेमचं मशीन तर बिघडलंय, तू डिस्का कॉम्प्युटरवर उतरवून ठेव."

"ठेवतो की! माझं रोजचंच काम हाय."

उतरवल्या. एकेका गेमच्या दोन फायली झाल्या, नाव दोन्हींचं तेच. आता दाबून ठेवायच्या कशात? नेटवर सगळे म्हणत होते, सीएचडी करा, म्हंजे अख्ख्या गेमची एकच दाबलेली फायल. एक गेम करून बघितला. दोनातली एक फायल दाखवली, सातशे एमबीचे चारशे झाले.

आता आमची खोड ऐका. आमचं सगळं आयुष्य फायली बारीक करण्यात गेलंय! फोटो पन्नास केबी, सही वीस केबी, न्हायतर पोर्टल घेतच न्हाय. चारशे एमबी बघून माझा जीव शांत बसणार व्हय? तीच फायल झिप करून बघितली.

एक केबी!

सातशे एमबीचा गेम, एका केबीत! मी तर खुर्चीतच उडालो. चाळीसच्या चाळीस झिप केले. ती सीएचडी आणि जोडीतल्या दुसऱ्या, जाड फायली कच्चा माल समजून उडवल्या. झिप उघडून बघितली का म्हणता? अहो, पोर्टलवर फायल चढली की आमचं काम संपलं, उघडून कोण बघतंय!

तेवढ्यात आमचे वडील, अण्णा, आले. "त्या चकत्या मोकळ्या झाल्या का? जोंधळ्यावर पाखरं लई पडल्यात."

दिल्या. अण्णांनी सुतळीत ओवून रानात टांगल्या.

आठवड्यानं ताई आणि दाजी आले. दाजी बाह्या सरसावून बसले. मी झिप उघडली. आत चार ओळी मजकूर.

"हे काय रं?" ताई म्हणाली.

"थांब की, येतंय."

दाजींनी चष्मा पुसून वाचलं. "मेव्हणे, ही तर यादी दिसती. कुठला भाग कुठं सुरू होतो त्याची. गेम कुठाय?"

गेम त्या जाड फायलीत होता! सीएचडी करताना ह्या बारक्या यादीवरनं शेजारची जाड फायल आपोआप आत घेतली होती. झिपमध्ये मात्र मी दिली तेवढीच गेली.

"म्हंजे पत्रिका जपली आणि नवरी हाकलली!" दाजी हसून लोळायला लागले.

ताई हसली न्हाय. "डिस्का आण."

"रानात हाईत."

"रानात काय करतात?"

"पाखरं हाकलतात."

ती तशीच पदर खोचून रानात निघाली, मागं मी. सगळ्या डिस्का सोडवून आणल्या, धुतल्या, पुसल्या. वाऱ्यानं एकमेकींवर घासून पार खरवडल्या होत्या. एकच चालली, पण नेमकी शर्यतीचीच! ताई दाजींच्या लई पुढं होती. शेवटच्या फेरीत पडदा थिजला तो थिजलाच.

"बरोबरी!" दाजी टाळी वाजवून म्हणाले.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच लाज वाटली.

आणि इकडं ताई सगळ्या चकत्या खोक्यात भरून उमरग्याला घेऊन गेल्यावर पाखरं परत जोंधळ्यावर. अण्णांनी माझ्या हातात गोफण दिली. सेतूचं शटर बंद करून चार दिवस मी रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभा, घसा बसेपर्यंत ओरडतोय. लोकं दाखल्याचे फॉर्म घेऊन थेट रानात!

चौथ्या दिवशी बांधावर शेजाऱ्यानं अण्णांना विचारलं, "काय, पोरगं राखतंय का नीट?"

अण्णा म्हणाले, "राखतंय. पण चकत्या बऱ्या होत्या. त्या जेवायला घरी येत न्हवत्या."