माझ्याच आवाजातलं वाक्य

तोंडवलीच्या आमच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पाहुणे गेले की खोल्या झाडायच्या आणि फ्रिज रिकामा करायचा, हे माझं काम. त्या दुपारी फ्रिजमध्ये चॉकलेट केकचे दोन तुकडे राहिले होते. एवढा चांगला केक टाकून द्यायला जीव होईना. थोरली जाऊ अंगावर पाजत होती, ती नको म्हणाली. दोन्ही तुकडे मीच खाल्ले.

तासाभराने कोळंबी सोलताना विचार तुटायला लागले. विचार सुरू व्हायचा, पण संपेपर्यंत त्याचं तोंड कुठलं होतं तेच आठवायचं नाही. भांड्यावरून आई आठवली, आईवरून माहेरची विहीर, आणि विहिरीत वाकून बघतेय तोवर हातात कोळंबी कुठून आली ते कळेना. मी घाबरले. बाकी सगळं तुटत होतं, भीती तेवढी तुटत नव्हती. मला वेड लागलं, असं मी मोठ्याने म्हणाले. हे आधी म्हटलं होतं का ते आठवेना, म्हणून पुन्हा म्हणाले.

सासू धावत आली. माझे लाल डोळे आणि तेच तेच बोलणं बघून तिने ठरवूनच टाकलं, की सुनेच्या अंगात काहीतरी शिरलंय. आमच्याकडे एकदा असं ठरलं की डॉक्टर नंतर, आधी त्या शिरलेल्याची चौकशी. तिने माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि केस धरून विचारलं, "कोण तू? खंयसून इलंस? काय होया तुका?"

एरवी मला हसू आलं असतं. पण तेव्हा कोणी काही विचारलं की उत्तर डोक्यात आपोआप उगवत होतं, माझी परवानगी न घेता. समोर जाऊ उभी होती, कडेवर तिची तान्ही मुलगी. तिला रोज न्हाऊ मी घालते, ती झोपते माझ्या मांडीवर. आणि काय हवं याचं उत्तर म्हणून डोक्यात वाक्य तयार झालं, शब्द न् शब्द स्पष्ट, माझ्याच आवाजात. माका ह्या चेडू होया. ही मुलगी मला हवी.

इतके विचार तुटले, हा मात्र अख्खा राहिला. मी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. हे बाहेर पडलं तर या घरात ते पोर माझ्याजवळ कोणी देणार नाही, एवढं मला कळत होतं. सासू विचारत राहिली आणि मी टॉवेल दातांत घट्ट धरून राहिले.

संध्याकाळी पाहुण्यांचा फोन आला. केकमध्ये गांजा होता, चुकून राहिला, कोणी खाऊ नका. सासूने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग हसत सुटली. नवरा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं होतं. सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली, मीही हसले.

जाऊ पाणी काढायला निघाली आणि रोजच्यासारखं पोर पुढे करून म्हणाली, "घे गो ह्येका जरा."

माझ्या हातांना माशांचा वास येतोय, असं मी तिला सांगितलं. हात मी नुकतेच साबणाने धुतले होते.