आक्कांचं नाकपुराण

त्या दिवशी सकाळी साडेसहाचा फोन आला नाही, तेव्हा खरं सांगते, मला हायसं वाटलं. निवांत चहा प्यायले. आठला शेळगावहून भाचा रडत बोलला... आक्का गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. महिना झाला, त्या चहाची लाज अजून जात नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शेळगावला दिलेल्या. सायनसपायी त्यांच्या नाकाचं दोनदा ऑपरेशन झालेलं. माझंही नाक दर थंडीत गच्च, कपाळ ठणकायचं. मग काय, बाईंनी मला धरलंच! रोज फोन. "सुमन, वाफ घेतली का गं? पानी पेतीस का भरपूर? नाक जोरात शिंकरू नगंस बाय." इकडं गोठ्यात धारा काढायच्या, पोरांचे डबे भरायचे, आणि त्यात हे नाकपुराण!

एकदा बोलता बोलता सांगून बसले, की मिठाच्या पाण्यानं नाक धुताना बोअरचं पाणी तसंच घेतलं. झालं! बारामतीला एसटी बदलून बाई दुपारी आमच्या लोणी भापकरला हजर. "उकळून गार केल्याबिगर नाकात पानी घालायचं न्हाय! येडी का खुळी तू?" ऊस तुटून गेला होता, माझे मालक रानात पडलेलं पाचट, उसाचा वाळला पाला, पेटवायला निघालेले. त्यांच्या हातातली काडेपेटीच आक्कांनी हिसकावली. "बायकूच्या नाकात धूर घालतोस व्हय रं?" तेव्हापासून आमच्या रानात पाचट जाळत नाहीत, बारीक कुट्टी करून मातीतच पसरतात. शेजारी हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर त्या सांगायच्या ते सगळं मी करत होते. दोन हिवाळे नाक चोंदलं नाही, गोळी घ्यावी लागली नाही. पण त्यांच्यापुढं कबूल करीन तर शप्पथ! "आज वाफ राहिली, आक्का," हेच रोजचं उत्तर. एकदा त्यांनी अगदी हळू विचारलं, "उलीसा तरी गुण आला का गं?" मी म्हटलं, "कसला गुण न् कसलं काय!" काय अडलं होतं माझं खरं सांगायला? ते आता मला खातंय...

दहाव्याला त्यांच्या सुनेपाशी, रेश्मापाशी, सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, "मामी, आईंना ठावं हुतं की. फोन ठिवला की म्हनायच्या, सुमनचा आवाज मोकळा हाय, आज बी नाक चोंदलं न्हाय. तेवढं ऐकायलाच तर फोन लावायच्या."

अहो आक्का, मग एकदा म्हणायचं ना तोंडावर, "खोटं बोलतीस तू!" भांडले असते, पण शेवटी कबूल केलं असतं. आता रडून रडून नाक गच्च झालंय माझं, आणि आवाज ओळखायला तुम्ही नाही.