शंभरावर एक

आमच्या घरातला प्रिंटर माझा आहे. राजवाड्यामागच्या या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण त्या घरांतल्या मुलांना देवनागरी म्हणजे नुसती चित्रं. ती तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात आणि मराठीत फक्त भांडतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी ती आमच्या तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, येऊन बसतात आणि मी त्यांना कागदभर मोठं एकेक अक्षर छापून देते.

हा प्रिंटर आणला तेव्हा मी तरुण होते. अडुसष्टची असेन. त्या पोरीला वाटायचं, आपल्याला सगळं समजतं. मुलाने फोनवर सांगितलं आणि तिने प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर बोटाने आकडे घालून तो वायफायला जोडला, त्यानंतर आठवडाभर ती भाजीवाल्यालासुद्धा ते सांगत होती. त्या पोरीचं पुढे काय झालं, तेच लिहायला बसले आहे.

तो शनिवारच होता. सूनबाईची चार वाजता मुलाखत होती, लॅपटॉपवरच. ती गणित शिकवते. यांचं पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा बेंगळूरची चांगली नोकरी सोडून ती इथे आली. एका शब्दाने कधी बोलली नाही, पण दुपारी भांडी लावताना स्वतःशीच समीकरणं पुटपुटायची, ते मला ऐकू यायचं. आता घरी बसून मुलांना शिकवायची नोकरी समोर आली होती. मुलाखतीत पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. आणि अट एकच, घरची इंटरनेटची लाइन पक्की हवी.

सकाळी वीज जाऊन आली. सूनबाईने सगळ्यांच्या आधी लॅपटॉप उघडला आणि सराव सुरू केला. मी ओट्यालगतच्या खोलीत 'क' छापायला घेतला. 'क' अर्धा बाहेर आला आणि अडला. आतून आवाज आला, "अय्यो! गेलं!"

राउटर बंद करून पुन्हा लावला. चाललं. मी पुन्हा 'क' छापला. पुन्हा "अय्यो!"

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून पुन्हा लावा. हे एवढं सांगायला त्याला शिकवून ठेवलेलं असतं. मुलाला फोन केला तर तो विमानात. हे आरामखुर्चीतून म्हणाले, "त्यांना सांग, लाइन नाही, उद्या घ्या."

"मामंजी, उद्या दुसरी कुणीतरी असेल," सूनबाई म्हणाली. एवढंच म्हणाली. पण तिच्या हातातली कापी, म्हणजे कॉफी, निवून गेली होती, आणि आमच्या घरात कापी निवते म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक ओळ उगवली होती. मी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, माझ्याच पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलंय."

हे मात्र मला लगेच कळलं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा देतो, तो त्याचा पत्ता. वाढणारी बाई पंगतीत जागा दाखवते तसं. लग्न होऊन मी पापनाशमहून या घरात आले, तेव्हा पहिल्याच जेवणाला कुणी काही सांगायच्या आत जाऊन ऐटीत बसले, आणि नेमकी आत्तेसासूबाईंच्या पाटावर. त्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या. त्या बसेनात, मी उठेना, कारण ती पोरगी तर अडुसष्टच्या पोरीपेक्षाही शहाणी होती. वाढणं थांबलं. भात निवला. दोघी उपाशी. एका पाटावर दोघी आल्या की असं होतं.

"मग दुसरी कोण, ते शोधू या," मी म्हटलं.

आधी यांचा फोन बंद केला. हे कुरकुरले. मग टीव्ही. काही फरक नाही, लाइन तर मधल्या वेळात आपोआप परत आली होती. मग मला वाटलं, मघाशी दोन्ही वेळा 'अय्यो' झालं तेव्हा मी काय करत होते?

मी प्रिंटरपाशी गेले. "तू शिकवत राहा ग," मी आत ओरडले आणि छापायचं बटण दाबलं.

"आत्याबाई, गेलं!" सासूला ती आत्याबाईच म्हणते.

प्रिंटर बंद केला.

"आलं!"

पुन्हा लावला.

"गेलं! पोदुम आत्याबाई, पुरे, कळलं!"

मला मात्र मजा यायला लागली होती. आणखी एकदा करणार होते, पण तीच उठून आली. तिने प्रिंटरच्या पडद्यावरचा पत्ता काढला, मग लॅपटॉपवरचा. लांबलचक आकडे, सगळे सारखे. शेवटी दोन्हीकडे एकशे एक.

"हा एकशे एक प्रिंटरला कुणी दिला? राउटर प्रिंटरला काही देत नाही, इथे हाताने घातलाय."

मी छपराकडे पाहिलं.

मुलगा फोनवर काय म्हणाला होता, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. "आई, राउटर एकशे एकपासून पुढचे आकडे वाटतो. प्रिंटरला शंभर घाल, तिथे कुणी येणार नाही." आणि त्या तरुण पोरीने मनात म्हटलं, नवी वस्तू घरात आणायची आणि तिला नुसतं शंभर द्यायचं? लग्नात, मुंजीत कुणी शंभर देतं का? शून्यावर संपवायचं नाही, वर एक ठेवायचा, म्हणजे पुढे चालू राहतं. तिने शंभरावर एक ठेवला. वर प्रिंटरला हळदकुंकूही लावलं होतं, ते अजून मागच्या बाजूला आहे.

इतके दिवस तो पाट बहुधा रिकामा मिळत होता, नाहीतर टीव्ही मधूनच रुसायचा आणि आम्ही टीव्हीला शिव्या द्यायचो. आज वीज गेली, राउटर सगळं विसरला आणि वाटायला पहिल्यापासून बसला. पहिली आली सूनबाई, तिला एकशे एक मिळाला.

मी हे सगळं सांगितलं. गणिताची मास्तरीण आधी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचायला वाकली. मग भिंतीला टेकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं, ते मला दिसलं.

"आत्याबाई, शंभर म्हटलं की शंभर."

"घालते. पण अशुभ झालं तर मला सांगू नकोस."

मी पडद्यावर शेवटचा एक पुसला, शून्य घातलं. प्रिंटर बंद करून लावला. ती आत गेली. मी 'क' छापला. आतून काही आवाज आला नाही. 'ख' छापला. आतून अपूर्णांकांचा पाठ सुरळीत चालू होता. 'ग' मात्र राहू दिला. शून्यावर माझा तेवढा विश्वास नव्हता.

चार वाजता तिने दार लावलं. मी प्रिंटरचा प्लग काढून मांडीवर घेतला आणि बसून राहिले. मुलं आली, त्यांना मी ओठांवर बोट ठेवून ओट्यावर बसवलं. त्या दिवशी आमच्या ओट्यावरच्या शाळेत दोनच अक्षरं झाली.

ती बाहेर आली तेव्हा हे म्हणाले, "काय विचारलं?"

"अपूर्णांक विचारले. मग म्हणाले, शिकवताना मध्येच लाइन गेली तर घरी कोण बघेल?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, सासूबाई बघतील. बिघडवतात त्याच."

हे खुर्चीतून मोठ्याने हसले. मी प्लग पुन्हा भिंतीत बसवला, कापी गरम करून तिच्या हातात दिली, आणि ती पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात नोकरी मिळाली. गुळाचं पायसम केलं. प्रिंटर अजून शंभरावरच आहे.