गोठ्याचं छत

माझी थोरली जाऊ शालूबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्याशी माझं रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं. तिच्यासारखी हट्टी बाई मी रहिमतपूरच्या पंचक्रोशीत दुसरी पाहिली नाही. या हट्टाचे उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही, कारण माझी दोन्ही पोरं त्याच्याच जिवावर वाढली.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि उसाची रानं पुन्हा हिरवी झाली. बायांना खुरपणीचं काम मिळायला लागलं, पण तान्ही पोरं ठेवायची कुठं? कुणी बाभळीला झोळी बांधायची, कुणी बांधावरच निजवायची. बौद्धवाड्यातल्या बनाबाईची मुलगी अशीच रांगत रांगत पाटाच्या पाण्यात गेली. आक्कानं धावत जाऊन तिला ओढून काढलं म्हणून ती वाचली. दुसऱ्या दिवशी आक्कानं आमच्या गोठ्यातली जनावरं बाहेर बांधली, जमीन सारवली आणि सगळ्या आळ्यांतली पोरं गोळा करून तिथं बालवाडी सुरू केली. आमच्या भावकीतल्या दोघी-तिघींनी बनाबाईच्या पोरीवरून नाकं मुरडली. "मग तुमची पोरं न्या बांधावर," आक्का म्हणाली. कुणी नेली नाहीत.

एकच अडचण होती. गोठ्याच्या पत्र्याची पार चाळण झाली होती. आभाळ भरून आलं की बाया खुरपी टाकून पळत सुटायच्या, आपापलं पोर उचलून घर गाठायच्या आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. पावसाळा लागला की बालवाडी बंदच.

रहिमतपुरात एका गुळाच्या व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावानं निधी काढला होता. दरवर्षी आसपासच्या एखाद्या गावाला तो मदत द्यायचा. कुठं वाचनालय, कुठं विहिरीचा कठडा. आक्कानं अर्ज धाडला आणि चौऱ्याहत्तरच्या वैशाखात निरोप आला की निधीचे अध्यक्ष आप्पासो जागा बघायला येणार आहेत.

झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर गाव अंगात आल्यासारखं कामाला लागलं. आमच्याकडं पाहुण्याला घरचं उणं दाखवायची रीत नाही. घरात दाणा नसला तरी पाहुण्याच्या ताटात तूप पडतं. भजनी मंडळानं जाजम दिलं, सोसायटीनं खुर्च्या दिल्या, घराघरांतून पितळी तांबे आले. भिंतींना चुना लागला. फौजेतून रजेवर आलेल्या, आमच्या भावकीतल्या मानसिंग भावजींना वरचा पत्रा फार वंगाळ दिसायला लागला. त्यांनी उत्सवातलं झालरीचं छत आणलं आणि वरून ताणून बांधलं.

"भोकं झाकली बघा, वैनी," ते मिशीवर ताव देत म्हणाले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," असं मीही वर म्हणाले. अक्कल गहाण ठेवायची वेळ आली की आमचं सगळं गाव एकजुटीनं ठेवतं.

आप्पासो आले. उंच, मोजकं बोलणारे. सगळं फिरून बघितलं, तुपातला शिरा खाल्ला, चहा घेतला आणि चप्पल पायात सरकवत म्हणाले, "फार छान चालवलंय तुम्ही. आता आम्हाला समाधानानं दुसऱ्या गावाला मदत देता येईल. इथं काही कमी दिसत नाही."

पाहुण्यापुढं रडगाणं कसं गायचं? भावजी वर छताकडं बघायला लागले. मी आक्काच्या दंडाला चिमटा काढला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. बनाबाईची मुलगी जाजमावर गाढ झोपली होती. आक्कानं तिच्याकडं एकदा पाहिलं, सोसायटीची खुर्ची ओढली, वर चढली आणि छताची दोरी ओढली.

झालर खाली आली. वरच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पोरांच्या अंगावर सांडले.

"आवं आप्पासो, जरा वर बघा," आक्का म्हणाली. "जाजम भजनी मंडळाचं, तांबे गावाचे. मी उभी हाय ती खुर्ची बी सोसायटीची. आमचं म्हणाल तर ह्यो गळका गोठा आन् ही पोरं, एवढंच."

"अब्रू घालवली गावाची," भावजी पुटपुटले.

आप्पासोंनी चप्पल काढली. "मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"पावण्याला पाणी द्यायच्या आधी भोकं दावायची व्हय?"

आप्पासो मोठ्यांदा हसले. असा माणूस हसतो हे मला तेव्हाच कळलं. मग ते भावजींकडं वळले. "पत्रे आणि लाकूड निधी देईल. पाहुण्यासाठी एवढं उचलून आणणारं गाव पोरांसाठी दगड-माती उचलेल ना?"

आता नाही म्हणायची सोय राहिली होती का? फौजी गडी दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटी घेऊन हजर. मागून सगळी तालीम आली. रोहिणी संपायच्या आत नव्या भिंतींवर नवे पत्रे चढले. त्या न पाहिलेल्या गुळाच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या वडिलांना मी देवापुढं हात जोडताना अजून आठवते. आक्काला तसं तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथं म्हणते. तुझे लय उपकार आहेत, बाई.

पुढं आषाढात आम्ही मानसिंग भावजींच्याच उसात खुरपत होतो. आभाळ काळं झालं आणि सरी कोसळायला लागल्या. सवयीनं मी ताडकन उठले. बघते तर एकही बाई जागची हलली नव्हती. सगळ्यांनी पोत्याच्या खोळी डोक्यावर ओढल्या होत्या आणि खुरपी चालूच होती. बनाबाईनं माझा पदर ओढला.

"बस की गं खाली," ती म्हणाली. "पडू दे किती पडतोय त्यो. पोरं कोरडी हायती."