आधी लांब, मागून आखूड

माझं बालपण लातूरच्या एका दालमिलच्या आवारात गेलं. बाबा तिथे चाळणीवर कामाला होते. बारीक चुरी आधी खाली पडते आणि अख्खी डाळ वर राहते, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं. पुढे याच शहाणपणाने माझा घात केला.

नांदेडला पीएचडी करताना माझ्या हाती कार्बनच्या नॅनोनळ्या आल्या. डोळ्यांना दिसायच्या नाहीत. पाण्यात नुसती काळी शाई. ध्वनिलहरींनी त्यांचे तुकडे करायचे आणि लांबीप्रमाणे निवडायचे. मला हवे होते सगळ्यात आखूड तुकडे. निवडायला मण्यांनी भरलेली उभी काचनळी होती. वरून शाई ओतायची, खालून ठिबकेल ते बाटल्यांत धरायचं. पहिल्या बाटल्यांवर मी मोठ्या तोऱ्यात ‘आखूड’ लिहिलं आणि शेवटच्या चार बाटल्या सांडपाण्याच्या कॅनमध्ये ओतून मोकळी झाले.

महिन्याने सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. ‘आखूड’ बाटलीत सगळ्यात लांब नळ्या.

“मण्यांना छिद्रं असतात,” माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “आखूड तुकडे त्यात शिरतात, भटकून मागून येतात. लांब तुकडे आत मावतच नाहीत, ते सरळ खाली येतात.”

स्वतःचा भयंकर राग आला. नळ्या संपल्या होत्या, प्रबंधाची मुदतवाढ शेवटची होती. तरी मन त्या छिद्रांतच घुटमळत होतं.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे बारकं आत शिरून मागून येतंय? लई भारी हाय की. मणी केवढाले असतात?”

मी इथे रडायच्या बेतात, आणि बाबांना मण्यांची चौकशी.

“पण फेकलं कशाला?” ते म्हणाले. “मिलमधी चुरीबी कुणी फेकत न्हाई. तो कॅन हाय का अजून?”

होता. टेबलाखाली, रोज माझा पाय लागायचा तिथेच. त्यात माझ्याच बाटल्यांचं पाणी होतं.

“मग परत चाळ की.”

ते पाणी आटवून मी पुन्हा चाळलं. या वेळी सुरुवातीचे थेंब जाऊ दिले आणि मागच्यांची वाट पाहत बसले. शेवटी बोटभर फिकट पाणी हाती आलं. त्या बाटलीवर मी काहीच लिहिलं नाही.

फोटो आले, तुकडे आखूडच निघाले. मग पेन घेतलं आणि लिहिलं: चुरी.