प्रसूती वॉर्डाच्या दारातला बाक

नमस्कार. इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. आमच्या गावी, शेणव्याला, कोणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया हात जोडायच्या, मी हंडा उचलून पाण्याला निघून जायचे... असली मी. शिवाय माझं कामच असं, की डोळ्यांना दिसेल तेवढंच मानायचं. म्हणून हे लिहावं की नको, यातच बरेच दिवस गेले.

मी शहापूरला एका हॉस्पिटलमध्ये सिक्युरिटी गार्ड आहे. हॉस्पिटलचं नाव देत नाही. ड्युटी पहिल्या मजल्यावर, प्रसूती वॉर्डाच्या दारात. लोकांना वाटतं, गार्ड म्हणजे पास बघणारी बाई. पण बाळ घरी निघालं की आईच्या आणि बाळाच्या मनगटावरचे पट्टे जुळवायचे, सिस्टरला विचारायचं, मगच दार सोडायचं — खरं काम ते. दाराबाहेर भिंतीला लागून एक बाक आहे आणि समोर जिना. वॉर्डात जायला-यायला तेवढा एकच रस्ता.

भातकापणीचे दिवस होते. दुपारची जेवणं होऊन वॉर्ड निजला होता. व्हिजिटिंग टाइम संपला म्हणून नातेवाइकांना मीच खाली पाठवलं होतं. सिस्टर आत एका बाळंतिणीला सलाईन लावत होती.

तेवढ्यात दार उघडून वनिता बाहेर आली. हे तिचं खरं नाव नाही. उंबरमाळीकडची पोर, पहिलटकरीण. तिचं बाळ जन्मतःच गेलं होतं आणि नवरा त्याला घेऊन गावी गेला होता, मातीला. दुसरीकडे खाट नव्हती म्हणून तिला बाळंतिणींमध्येच ठेवलेलं. शेजारच्या खाटेवर वैशाखऱ्याची एक बाई होती, तिला मुलगा झालेला. रात्रंदिवस शेजारी बाळ रडायचं आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची.

आता तिच्या हातात बाळ होतं. गाऊनची छाती दुधाने भिजलेली.

मी विचारलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, "घरी. याला भूक लागलीय." आवाज अगदी साधा. मी पुढे झाले तशी ती मागे सरकली... थेट जिन्याच्या तोंडाशी. टाच पायरीबाहेर. अंगातून रक्त गेलेली पोर, उभी राहूनसुद्धा डुलत होती. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं — ओरडायचं नाही, झडप घालायची नाही, बोलत राहायचं. पण मी तिचं नाव तेवढं घेत राहिले. वॉकी-टॉकी कमरेला होता, पण त्याच्या खरखरीने ती दचकली असती. नुसता हात पुढे करून मी उभी राहिले.

तेव्हा बाकावरून कोणीतरी बोललं.

"ये गो बाय, बस हितं. पोराला घेऊन किती येळ उभी ऱ्हाशील? दमलीस."

एक म्हातारी बसली होती. बारीक अंगाची, डोक्यावर पदर, पाय वर घेऊन बसलेली. खरं सांगते, मला आधी रागच आला, की मी सगळ्यांना खाली पाठवलं तर ही राहिली कशी? वाटलं, वनिताची सासू नाहीतर आजी असेल.

वनिता जिन्यापासून हलली. गेली आणि तिच्याजवळ बसली. म्हातारीने बाळाला हात लावला नाही. वनिताच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वनिताने मान तिच्या खांद्यावर टेकली आणि मग रडली... बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. त्या रडण्याचा आवाज मी कधी विसरणार नाही. म्हातारी गप्प करायला गेली नाही. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "तुजा गेला गो, तुजा गेला. ह्याची आय उठंल आता. दे त्याला."

वनिताने माझ्याकडे बघितलं आणि बाळ माझ्या हातात दिलं.

मी पट्टा बघितला, दारातून सिस्टरला हाक मारली. वळले तर बाकावर वनिता एकटीच. जिन्यावर कोणी नाही, आणि वॉर्डाच्या दारात तर मीच उभी होते.

आमचे सुपरवायझर फौजेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांनी लगेच सीसीटीव्ही काढला. मीही बघितला. वनिता बाकावर येऊन बसते, मान कलती करते आणि तशीच राहते... डोकं हवेत. खाली खांदा नाही, त्या बाजूला भिंत नाही, काही नाही. नुसतं करून बघा, जरा वेळात मान भरून येते. सुपरवायझरनी ते पुन्हा पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, "रिपोर्ट लिहितो मी. पण या मानेचं काय लिहू?"

वैशाखऱ्याची बाई सगळं कळल्यावर बाळाला छातीशी धरून बसली होती. तक्रार करायची का, असं विचारलं तर नको म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, त्या पोरीचं दूध आटायला कोणी काही औषध दिलंय का? वनिताला त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवलं. आता आमच्याकडे बाळ गेलेल्या आईला बाळंतिणींमध्ये ठेवत नाहीत. हे सुपरवायझरनीच भांडून करून घेतलं.

डिस्चार्जच्या वेळी मी वनिताला विचारलं, त्या तुझ्या कोण गं? तिने उलट मलाच विचारलं.

"माज्या कुठं? तुमची आय नव्हती ती? तुमच्याच बाजूला बसलेली ना आधीपासून."

माझी आई तेव्हा शेणव्याला शेतावर होती. आणि ती अंगाने चांगली जाड आहे.

मी वॉर्डात काम करणाऱ्या जुन्या आयांना विचारलं, सिस्टरना विचारलं. त्या वर्णनावरून कोणालाच ती ओळखू आली नाही. तिथे कधी अशी कोणी म्हातारी वारली वगैरे, तसलंही काही निघालं नाही. कॅमेरा बिघडला म्हणावं तर मी आणि वनिता नीट दिसतोय. मला भास झाला म्हणावं तर वनिताला तोच कसा झाला?

मागे वनिता तपासणीला आली होती. अंगावर थोडं मांस आलेलं. जाताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, त्या आजी परत आल्या तं सांगाल? म्हणावं, मी आता रातची झोपते."

मी म्हटलं, सांगते.

कोणाला सांगणार, मला माहीत नाही. पण सांगते म्हटलंय.