वेगळ्या खिळ्याचा कप

जवळ ये बघू. म्हणजे तो फोन स्पीकरवरून काढ आणि कानाला लाव. सख्खी भाची तू, जेद्दाहून रियाध विमानानं पावणेदोन तास, आणि दोन वर्षांत मावशीला तोंड दाखवलं नाहीस! म्हणून केवढ्या सोहळ्याला मुकलीस, ते ऐक.

गेल्या शुक्रवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये फ्रेंच सिनेमा झाला. शंभर वर्षांचा म्हातारा, आणि मुका. माझ्या मुलाची मित्रमंडळी, बँकवाले, कॉम्प्युटरवाले, सहकुटुंब हजर. म्हटलं, मुकाच आहे तर मलाही यांच्याइतकाच कळेल. कळला की! श्रीमंत घरातली मोलकरीण. चांदीचा चमचा हरवतो, आळ हिच्यावर. मालकिणीच्या कपाटात कपांची रांग, आणि हिचा टवका उडालेला कप स्वयंपाकघरात वेगळ्या खिळ्याला. तो खिळा पडदाभर मोठा दिसला मात्र, आमच्याकडे रुमाल निघाले.

सूनबाईची मैत्रीण म्हणाली, "वर्गभेद किती सटल दाखवलाय ना!"

बँकेतले एक साहेब म्हणाले, "नशीब, आपल्यात हे असलं काही उरलं नाही."

आणि पडद्यावरची नजर न काढता त्यांनी रिकामी बशी मागे धरली. कुणीतरी घेईल म्हणून. घेतलीही.

घेतली ती गुहागरकडच्या एसी मेकॅनिकनं. राहतो कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात. आमचा एसी सकाळी बंद पडला म्हणून आला होता. काम झाल्यावर मीच म्हटलं, थांब, सिनेमा बघून जा. तर चपलांच्या रॅकपाशी उभा राहून बघत होता. आता बघते तर आम्हा सगळ्यांच्या हातात सोनेरी काठाचे कप, आणि त्याच्या हातात कागदाचा.

मी कुणाला बोलणार होते गं? तो कागदी कप त्याला मीच दिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपला आपण त्या चळतीकडे गेला. सत्तर वर्षांचं वळण!

उठले. सोनेरी काठाच्या कपात ताजा चहा ओतला, माझी खुर्ची पुढे ओढली. "बस रे इथे."

"राहू दे मावशी, कपडे मळलेत."

"मळू दे. खुर्ची धुता येते."

वर्गभेदावर बोलणारे तर पडद्यावरच्यांपेक्षा मुके झाले. तो बसला नाहीच. उभ्यानं चहा प्यायला, आत गेला, कप विसळला आणि बाकीच्या कपांपासून हातभर लांब, ओट्याच्या कडेला पालथा घातला.

अगं, हे मी गावाकडे आपल्याच पडवीत पाहिलंय. वेगळ्या कपातून पिणारी माणसं प्यायल्यावर अशीच स्वतः विसळून पालथा घालायची. आपण म्हणायचो, किती स्वच्छतेची आवड! सिनेमासाठी फ्रान्सपर्यंत जायची गरजच नव्हती.

दारात त्याला म्हटलं, "येत्या शुक्रवारी जेवायला ये. पान्हे घरी ठेवून ये."

"बघतो, मावशी."

हे 'बघतो' मला कळतं. शुक्रवारी पुन्हा जमणाऱ्या त्या साहेबलोकांत एकटा बसायचा नाही तो. तुझ्यासारखी बडबडी शेजारी बसली, गुहागरच्या गोष्टी काढल्या, तर दोन घास जास्त जेवेल. म्हणून सांगते, आता फोनवर नुसती बदामाची चित्रं पाठवू नकोस, तूच ये. तिथल्या शराफिया बाजारातून स्टीलचे डझनभर पेले आण, सगळे एकसारखे. गुरुवारीच निघ गं, वाट बघते.